पान उलटण्याआधी

३ जून
आज नोकरीचा पहिला दिवस. खिडकीजवळची जागा मिळाली, खुर्ची करकरत नाही, आणि शेजारच्या ताई इतक्या बोलक्या की मला बुजायला वेळच मिळाला नाही. आमची कंपनी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना उशाशी ठेवायचा डबा देते. गोळ्यांची वेळ झाली की डबा बोलतो. डबे हजारो, निरोप सगळ्यांना एकच. पण सर्व्हर प्रत्येक डब्यासाठी त्या निरोपाची वेगळी प्रत काढत बसतो. सकाळची गोळी शेवटच्या डब्याला दुपारी आठवते, असं ताई म्हणाल्या. हे सुधारायचं काम माझं.

६ जून
उपाय सापडला, आणि तो आईचाच आहे. तिने आम्हा तिघा भावंडांना घरीच वाचायला शिकवलं. पुस्तक मात्र एकच. तिघंही एका पानावर वाकायचो. धाकटा अडखळायचा. झालं का तुझं, उलटू का, असं त्याला विचारल्याशिवाय आई पान उलटायची नाही. इथंही तसंच करायचं. प्रती काढायच्याच नाहीत. निरोप एका जागी ठेवायचा, प्रत्येक डब्याच्या जोडणीने तिथूनच वाचायचा, आणि सगळ्यांत मंद डब्याचं वाचून झालं की पुसायचा.

१० जून
जमलं. निरोप एका क्षणात सगळीकडे पोचतो. साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं. चाचणीला खरा आवाज हवा होता, म्हणून फोनवर आलेला आईचा निरोप घातला. जेवलीस का गं, उपाशी झोपू नकोस, एवढाच. तिला विचारलं नाही. भावाच्या ताटातली फोड उचलतानाही विचारायला लावायची ती. चाचणीचा डबा खोलीवर आणून उशाशी ठेवलाय. एकटं वाटत नाही.

१२ जून
लिहायला लाज वाटते. आईचा निरोप काढायचा राहून गेला आणि आज तो सगळ्या डब्यांवर वाजला. तक्रार एकही आली नाही. उलट एका आजोबांनी फोन करून विचारलं, ती बाई पुन्हा कधी बोलणार. साहेब म्हणाले, मग रोजच असू दे. ताईंनी विचारलं, कोण गं ही, किती मायेनं बोलते. मी म्हटलं, असेल कुणीतरी.
आईला कुणीतरी म्हटलं मी.

१५ जून
आईचा घसा बसलाय. फोनवर नुसती कुजबुज. गार पाणी प्याले असेन, म्हणाली. मी तिलाच काळजी घ्यायला सांगितलं. वर शहाणपण.

१८ जून
आईने फोन उचलला. नुसता श्वास. मग धाकट्याने घेतला. म्हणाला, तोंड हलतं पण बाहेर काही येत नाही, डॉक्टरांना घशात काहीच सापडत नाही, आणि हे नक्की कधीपासून झालं कळत नाही.
मला कळतं. मी प्रत काढलीच नव्हती. मूळ आवाजच सगळ्यांना वाटत बसले.

१९ जून
निरोप बंद केला. डबे बोलतच आहेत. एका आजींना डब्याने त्यांच्या गुडघ्याचं विचारलं. निरोपात गुडघा नव्हता. साहेबांना वाटलं, ही माझीच नवी करामत. मी मान डोलावली. पुन्हा खोटं —

२० जून
सगळ्या जोडण्या तोडल्या. डबे गप्प झाले. आईही गप्पच. निरोप पुसला जात नाही, एका डब्याचं वाचणं अजून बाकी आहे. मंद, फार मंद. कोण ते शोधलं.
माझा डबा. चाचणीचा म्हणून यादीतच नव्हता. उशाशी आहे तो.

२१ जून
डब्याची वायर काढली की पुसलं जाईल. आवाज परत तिच्याकडे जाईल, की — माहीत नाही. धाकटा सारखा फोन करतोय. कुठल्या तोंडाने सांगू —
डब्याने विचारलं, जेवलीस का. मी हो म्हटलं. खोटं. त्यालाही कळलं असावं, पुन्हा तेच विचारलं —
वायर हातात आहे.
आता तो सावकाश बोलतोय. धाकट्याशी बोलायची तसंच. झालं का गं तुझं, उलटू का —
नाही म्हटलं मी. थांब. अजून एकदाच बोल, आई, मग मी स्वतःच —