फ्रिजवर ते चालू आहे

३ मार्च
सकाळी उठलो. चहा. रजा वाढवायचा अर्ज पाठवला. दिवसभर भेटायला माणसं. फ्रिजवर रेकॉर्डर चालू आहे.

बायको गेली त्या सकाळी कामावर निघताना मीच तो चार्जरला लावून तिथे ठेवला होता. आमच्या कंपनीत हे खिशात मावणारे रेकॉर्डर तपासतात – न थांबता किती दिवस चालतात ते बघायचं. ऑफिसात त्यांना रेडिओ ऐकवतो. घरगुती आवाजाची चाचणी मात्र मी घरीच करायचो. आवाजाला इथे तोटा नव्हता. दिवसाकाठी चार वाक्यं माझी, बाकी सगळी तिची. कोणी नसलं तर ती भांड्यांशी बोलायची.

दुपारी बाहेर पडली आणि रस्त्यातच कोसळली. म्हणजे तिची शेवटची सकाळ त्या डबीत आहे.

बंद करायला हात धजत नाही. या मॉडेलची खोड मला माहीत आहे. लांबलेलं रेकॉर्डिंग थांबवल्यावरच साठवलं जातं, आणि साठवताना कधीकधी सगळंच उडतं. शेरा मीच लिहिला होता – 'भरवसा ठेवू नये'.

४ मार्च
रेकॉर्डर चालू असल्याचं आत्याला सांगायलाच नको होतं! काल ओट्याशी बसून रडली होती. आज परत आली. "काय रे, माझं कालचं रडणं नीट आलं का? घसा बसला होता." म्हटलं, अजून ऐकता येत नाही. "मग आज पुन्हा रडते. चांगलं येईल ते ठेव." रडली. खरंच कालच्यापेक्षा चांगलं रडली.

५ मार्च
मेहुणा भाषण लिहून घेऊन आला. फ्रिजकडे तोंड करून उभा राहिला. "माझी ताई म्हणजे–" टप्प! नळ.
"दाजी, हा नळ आधी दुरुस्त करा हो."
वायसर गेलाय. नवा खिडकीत पडलाय, तिनंच आणून ठेवलेला. पण बदलणार नाही. त्या सकाळी ती बोलत असताना मागे हाच नळ टपकत असणार. चाचणी संपेपर्यंत काहीही बदलायचं नाही, हा आमचा पहिला नियम. तसं त्याला सांगितलं.
मेहुण्यानं कागदाची घडी घातली. "दाजी, तुम्ही जेवलात का?"
मग पहिल्यापासून भाषण केलं. प्रत्येक वाक्याला नळानं पूर्णविराम दिला.

६ मार्च
घरात सगळे छापील बोलायला लागलेत. "जरा मीठ देता का आपण?" – आत्या, मेहुण्याला! एरवी त्याला 'ए टोणग्या' म्हणते. ताटली वाजली की एकमेकांना दटावतात. हसायचं असेल तर जिन्यात जाऊन हसतात.

७ मार्च
साहेब भेटायला आले. टाचा उंचावून फ्रिजवर बघितलं. मग मान खाली घालून बराच वेळ उभे राहिले. तिच्यासाठी की यंत्रासाठी, कळलं नाही.
"अजून चालू? अहो, एकही मॉडेल इतकं टिकलेलं नाही!" मग हळूच, "दुःख मोठंच आहे. घाईनं काही बंद करू नका."
रेकॉर्डरच्या पडद्यावरची चिकटपट्टी बघून विचारलं. सांगितलं, तिची. लाल दिवा तिला सहन व्हायचा नाही. 'टकामका बघतो मेला' म्हणून घरी आणलेल्या प्रत्येक यंत्राला जखमेवरची पट्टी लावायची. दिवा, आकडे, सगळं झाकून. साहेब पट्टी उचकटायला गेले.
मी ओरडलो. हात लावायचा नाही!
साहेबांनी हात खिशात घातला. आत्या फ्रिजकडे बघत म्हणाली, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढला याचा. आलं असेल ना यात?"

८ मार्च
नळ जास्तच टपकतोय.

१० मार्च
हिशेबानं उद्या कार्ड भरेल. भरलं की यंत्र आपणहून थांबतं, आणि तेव्हा तर हमखास घात करतं. म्हणजे माझ्याच हातानं थांबवायला हवं. आत्या म्हणाली, "सगळे मिळून ऐकू." मेहुणा नवा शर्ट घालून येणार आहे.
सगळ्यांसमोर नको. त्यांना संध्याकाळी बोलावलंय. मी सकाळीच थांबवणार. उडालं तर–
पुढे लिहवत नाही.

११ मार्च
पट्टी काढली. लाल दिवा नव्हताच. फक्त चार्जिंगची खूण. त्या सकाळीच थांबवलेलं होतं. फाइल एकच, शाबूत, मिनिटभराचीसुद्धा नाही. "अहो, बंद करतेय हे. दिवसभर माझं ऐकायला यंत्र कशाला? संध्याकाळी घरी येता ना, तेव्हा ऐकत जा. आणि तो नळ! वायसर आणून आठवडा झाला." टक्.

आत्याचं रडणं नाही, भाषण नाही, माझं ओरडणं नाही. यंत्राचा दोष नाही.

खिडकीतला वायसर घेतला. मोरीतला मोठा कॉक बंद केला, पाना शोधला. नळ आता टपकत नाही.