राहुकाळातले बँड

सुश्रुतदादा,

मी चारच्या नावेने मुन्शी घाटावरून निघतेय, पलीकडे रामनगरच्या वाळूवर, संगीत महोत्सवाला. सकाळपासून तिथली तालीम धुक्यातून तरंगत येतेय. गच्चीवर कपडे वाळत घालताना वाटलं, नदीच झोपेत गुणगुणतेय.

कुठले बँड ऐकायचे त्यांवर खुणा करून आपण कार्यक्रमाचा पर्चा पंचांगात ठेवला, तिथेच चुकलं. आज रविवार, म्हणून बाबांनी साडेचार ते सहा, अख्खा राहुकाळ लाल पेन्सिलीने खोडून टाकला. आपले तिन्ही आवडते बँड त्यातच गेले! मी भांडायलाच निघाले होते, तेवढ्यात खालची ओळ दिसली. सव्वासहा, तुझा जुना बँड. बाबांच्या आजारपणात त्यांच्या पूजा सांभाळायला तू सोडलास, तो. त्यावर आपण दोघांनीही खूण केली नव्हती. बाबांनी केलीय. वर कुंकवाचं बोटही लावलंय, लग्नपत्रिकेला लावतात तसं.

विचारलं तर एवढंच म्हणाले, "वेळ चांगली आहे."

संध्याकाळच्या पूजेला धावू नकोस. काठी टेकत ते स्वतः गेलेत.

तुझी गिटार पुसून दाराशी ठेवलेली आहे. मी नाही ठेवली.

ईशानी