चुकीचा दिवा

७ जून, रविवार

हरलो! अकरा-चार. आणि माझ्या वहीत आमची एकही चूक नाही!

मॅच संपल्या संपल्या डेलमार माझ्या स्कोअरच्या खोलीत धापा टाकत चढून आला. धाकटा भाऊ माझा, एल्म फोर्क गावच्या बेसबॉल टीमचा मॅनेजर. वय बावन्न, डोक्यावर केस मोजून चार, आणि तेही उपटायला निघालेला. "ताई, नऊ मॅचमध्ये फक्त दोन चुका! अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात कमी! मग सहा मॅच हरलो कशा?"

नशीब, म्हटलं. आणि पेन्सिलला टोक काढत बसले. टोक आधीच होतं.

९ जून

इथे तरी खरं लिहावं. गोम तिसऱ्या बेसवर, तिथे चेंडू अडवणाऱ्यात आहे. गोमेचं नाव रोली हाबरकोर्न. वय त्रेचाळीस, खाटकाचं दुकान, बायको सोडून गेलेली, स्वभावाने गरीब. चेंडू त्याच्या बाजूला आला की रोली झेप घेतो — चेंडू निघून गेल्यावर! धप्पकन पोटावर. हा धुरळा! लोक टाळ्या वाजवतात. "थोडक्यात हुकला रे!"

आता चेंडू हाताला लागून सुटला तर ती चूक. लागलाच नाही तर मारणाऱ्याची हिट. रोलीच्या हाताला सहसा काही लागतच नाही. म्हणजे माणूस बिनचूक!

१४ जून, रविवार

आज चेंडू पुन्हा लागला. हाताला लागला, दोन पायांमधून गेला, थेट कुंपणापर्यंत.

हिट की चूक ते मी ठरवते, म्हणून माझ्यापुढे दोन बटणं असतात. एक दाबलं की मैदानातल्या फळ्यावर हिटचा दिवा लागतो, दुसरं दाबलं की चुकीचा. रोलीने टोपी वर सरकवून माझ्या खिडकीकडे बघितलं. काय ते डोळे! नेहमीसारखं हिट दाबलं. गवत ओलं होतं, पाय घसरला असेल बिचाऱ्याचा. (तीन आठवडे पाऊस नाही.)

आमच्याकडून चेंडू टाकणारा पिचर वेंडल ओप्साल, तोही वर बघत होता. शाळेत गणित शिकवतो. मागच्या खिशातून छोटी वही काढून काहीतरी खरडलं. मास्तरांची खोड.

१६ जून

रोलीकडून सॉसेज आले. तीन पौंड! मोहरीच्या चटणीसकट!

२१ जून, रविवार

पुन्हा हरलो. तेरा-पाच. पण डेलमारच्या डोक्यात प्रकाश पडला. "सापडलं, ताई! चेंडू अडवण्यात आपण लीगमध्ये पहिले. मग भोक कुठे आहे? पिचरमध्ये! तुझ्या वहीत बघ ना, वेंडलला किती हिट्स बसल्यात. आकडे काय खोटं बोलतात?"

हिट्स मीच दिल्या होत्या. चूक लिहिली असती तर धावा रोलीच्या माथी. हिट लिहिली की वेंडलच्या. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण रोलीचं सॉसेज तोंडात होतं.

वेंडलला बाहेर बसवणार म्हणतो. मी हो म्हटलं नाही. नकोही म्हटलं नाही!

२३ जून

वाणसामानाच्या दुकानात वेंडल भेटला. टोपी काढून उभा राहिला. "अर्डिसबाई, मी खरंच एवढा वाईट टाकतो का?"

"छे रे! होतं असं एखाद्या वर्षी."

तो माझ्या तोंडाकडे बघत थांबला. मी कोबी निरखत बसले. कोबी नको होता. दोन घेतले. लाज वाटली, फार लाज वाटली. उद्या सांगते डेलमारला.

२४ जून

नाही सांगितलं.

२८ जून, रविवार

वेंडल टीम सोडून गेला. शेजारच्या नॉर्डबीकडून खेळणार. मग आमच्याकडून टाकणार कोण? डेलमार! स्वतः! दुसऱ्याच चेंडूला खांदा धरून खाली बसला, तरी उठून टाकत राहिला. बावीस-तीन. चुका शून्य.

१२ जुलै, रविवार

आज नॉर्डबी आली. पिचर वेंडल. आमच्या पोरांना चेंडू दिसेचना. आणि त्यांचा जो येईल तो तिसऱ्या बेसकडेच मारतोय! वेंडलने सांगितलं असणार, दुसरं काय.

सहाव्या डावात एक चेंडू रोलीच्या छातीवर आपटला. त्याने तो शोधला, उचलला, आणि नेम धरून फेकला — मक्याच्या लाह्यांच्या गाडीवर! लाह्या चहूकडे. रोलीने वर बघितलं. वेंडलनेही बघितलं.

मी चूक दाखवायचं बटण दाबलं. दबेना! वापरच नाही, पार घट्ट बसलेलं. शेवटी थर्मास हाणला. दिवा लागला. डेलमार तर वायर बिघडली म्हणून वीजवाल्याला हाका मारायला लागला. आणि बटण जे आत अडकलं ते अडकलंच, दिवा मॅच संपेपर्यंत चालू. बरंच झालं, आणखी पाचदा लागला असता.

मॅचनंतर रोली खिडकीखाली आला. "अर्डिस, सॉसेजमध्ये मीठ कमी पडलं का गं?" "मीठ छान होतं, रोली. माझीच जीभ चटावली होती."

डेलमारला सगळं सांगितलं. टोपी काढून त्याने ते चार केस चाचपले. मग म्हणाला, "त्या वेंडलकडे आता कुठल्या तोंडाने जाऊ?" जा, म्हटलं. मला मात्र हलकं वाटतंय. खरं बोलले एकदाची!

१४ जुलै

डेलमार जाऊन आला. वेंडल पुढच्या वर्षी परत येतो म्हणाला. माझ्यासाठी त्याची ती छोटी वही पाठवलीय. आमच्याकडून खेळला त्या सगळ्या मॅच आहेत त्यात. माझ्या वहीत हिट म्हणून गेलेल्या चुका तेवीस. प्रत्येक चुकीपुढे ती करणाऱ्याचं नाव. रोलीचं एकदाही नाही.

तेवीसच्या तेवीस — अर्डिस.