स्केरिकभर

क्रॅग हाउस, स्वेलडेल
११ मे १९५४

प्रिय थर्झा,

तुझं पत्र पोचलं. तुम्ही दोघं आणि पोरं खुशाल आहात, वाचून बरं वाटलं. मीही ठीक आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. यंदा कोकरं चांगली झाली, दोनच दगावली. पाऊस काय, आहेच.

लंडनला तू 'स्केरिक' म्हणालीस की तुझ्या सासरची माणसं अजून हसतात म्हणे. हसू देत. चिमटीत धरायला जावं तर सापडू नये एवढंसं, त्याला ते तरी काय म्हणतात? आपल्या आईचं तर त्या शब्दावाचून पान हलत नसे. चहात दूध स्केरिकभर, पावाला लोणी स्केरिकभर. आणि खरंच तेवढंच दिलं, की कप पुढे सरकवून नुसती बघत राहायची. जन्मात कधी 'मला हवंय' म्हणाली नाही ती बाई. तिचं स्केरिकभर म्हणजे पोटभर, हे घरात तुला नि मलाच ठाऊक.

एक वाईट बातमी आहे. आईच्या मधमाश्या गेल्या. तिन्ही पेट्या रिकाम्या. घरचं माणूस गेलं की माश्यांना सांगायचं, नाहीतर त्या निघून जातात; त्या रीतीत मी काही कमी केलं नव्हतं गं. आई गेली त्याच दिवशी दाराची किल्ली घेऊन एकेका पेटीवर तीनदा ठोकलं, मालकीण गेली म्हणून सांगितलं, आता मी आहे, राहा, असं विनवलं. दफनानंतरच्या जेवणातला केक आणि बिअर, त्यांचा वाटा म्हणून समोर ठेवला. परवा शेजारचा एमस म्हातारा कुंपणावर रेलून म्हणतो, "काय गं ॲनिस, खोटं बोललीस की काय त्यांच्याशी? माश्यांना खोटं खपत नाही." थट्टाच केली त्यानं.

बोललेच होते मी खोटं. पेट्यांपाशी म्हणाले होते, ती तृप्त गेली, शेवटी काहीसुद्धा मागितलं नाही तिनं. तुलाही पत्रात तेच लिहिलं.

हल्ली दुपारी चहाला बसले की वर आईच्या खोलीत आवाज होतो. लाकडावरून कप सरकवल्याचा. वर जाऊन बघते तर कोणी नाही. खाली आले की पुन्हा. उंदीर असेल म्हणून मांजर कोंडलं, तर ते दाराला नखं घासत ओरडत सुटलं. वेड लागलंय मला असं वाटत असेल तुला. लागलं असतं तर बरं झालं असतं.

आता लिहितेच. आपलं घर चॅपेलचं, कट्टर प्रोटेस्टंट; तू कॅथलिकाशी लग्न केलंस तेव्हा आई काय म्हणाली ते तू ऐकलंस: 'तिला माझ्या घरात स्केरिकभर जागा नाही.' पुढे नऊ वर्षं तुझं नाव काढलं नाही. तू दर नाताळला आलुबुखाराचा मुरंबा पाठवायचीस, तो ती चॅपेलच्या विक्रीला द्यायला लावायची. मीही देऊन टाकायचे. गेल्या नाताळची बरणी मात्र दूधघरात राहून गेली.

शेवटच्या सकाळी मी तिचं अंग पुसत होते. चांगली शुद्धीवर होती. म्हणाली, "थर्झाचा मुरंबा आहे का गं? स्केरिकभर दे."

नऊ वर्षं मी तिचं सगळं केलं, थर्झे. शेवटी शेवटी तर हगणंमुतणंसुद्धा. मला मागणी घालणारा होता, त्याला तिच्यापायी नाही म्हटलं. आणि जाताना तिला हवी होतीस तू. मी म्हणाले, "संपला. स्केरिकभरही उरला नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड केलं. तासाभरात गेली.

ती गेल्यावर, कोणाला बोलवायच्याही आधी, मी दूधघरात धावले. बरणी फोडल्यासारखी उघडली आणि चमच्याच्या टोकानं थोडा मुरंबा तिच्या जिभेवर ठेवला. तो तसाच राहिला गं. मी किती वेळ बसले होते, तो विरघळेल म्हणून.

दफनाच्या दिवशी तू मागच्या बाकावर बसलीस आणि घराकडे न वळता सरळ स्टेशनवर गेलीस. आईनं तुला माफ केलं नाही, असं समजून गेलीस. मी फाटकात उभी होते, एका हाकेवर होतीस. हाक माझ्या तोंडातून निघाली नाही.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. फक्त तुझं होतं ते तुला पोचवते. आईनं तुला मागितलं, थर्झे. तुझं नाव घेऊन, पूर्ण शुद्धीत.

तुझ्या नि तिच्या मध्ये उभी राहिलेली,
ॲनिस