हलगीच्या धड्यावरची माझी सही

६ फेब्रुवारी १९७४, बुधवार. नौबाद

रविवारची नोंद चुकीची आहे. 'धडा साऱ्या गावाला वाचून दाखवला, सर्वांची संमती मिळाली' असं लिहिलं. वाचला तो आमच्या गावी, मारुतीच्या कट्ट्यावर बसून. बौद्ध घरांतली माणसं कट्ट्यावर नव्हती, खाली रस्त्यात उभी होती. शेवटी विचारलं, चालेल ना? कट्ट्यावरचे 'व्हय' म्हणाले. खालून कुणी बोललं नाही. तो मी होकार धरला आणि मंडळाच्या कागदावर सही केली.

७ फेब्रु., गुरुवार

मठपती सरांचं अभ्यासमंडळ: कन्नड, मराठी, उर्दूचे मास्तर मिळून चौथीच्या मुलांसाठी एकच पुस्तक तीन भाषांत करतात. ज्या गावाचा धडा, तो त्या गावात आधी वाचायचा, मग लिहिणाऱ्याची सही. मी धनगराची पोर, घरात पहिली शिकलेली, इथे नौबादच्या शाळेत मराठी शिकवते. त्यांनी बोलावलं याचंच केवढं अप्रूप.

धड्यात लिहिलं की जत्रेत लिंबाजी आजोबा हलगी वाजवतात नि सारं गाव नाचतं. मी सहा वर्षांची असताना पाहिलेलं. पुढे त्यांनी धम्म घेतला, हलगी सोडली. त्यावर दोन सुग्या त्यांना कुणी कामाला बोलावलं नाही. हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. धडा गोड व्हावा म्हणून. दुसरं कारण सापडत नाही.

१० फेब्रु., रविवार. गावी

लिंबाजी आजोबांच्या सुनेकडे, शांताक्काकडे गेले. बसायला पोतं टाकलं तिनं. माझे चुलते, तात्या, परवा त्यांच्या दारात येऊन गेले म्हणे.

"म्हणले, सरकारी पुस्तकात यायलंय, आता औंदा जत्रंला वाजवावंच लागतंय. मामांनी दोन दिस भाकर खाल्ली न्हाई."

पुस्तक सरकारी नाही म्हणाले मी. तिनं ऐकून घेतलं. मग, "तुला ठाव व्हतं की. कामून लिवलीस?"

पोत्याची घडी करून उठले.

घरी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, तात्याच्या आड जाऊ नको, मेंढरं त्याच्याच रानात बसायलेत. तात्या ओसरीवरच होते. "शाळा आमी दावली, आन आता आमालाच शिकवायलीस व्हय?" हसत म्हणाले. अप्पाही हसले. मी पण.

१२ फेब्रु., मंगळवार

मठपती सरांना सगळं सांगितलं. चहा पाजला, शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, मुलांनी एकी शिकावी म्हणून तर पुस्तक, जखम कशाला दाखवायची? कन्नड-उर्दू दोन्ही तयार आहेत, छापखाना थांबलाय. वाटलं तर आजोबांचं नाव काढू. नाव काढलं तरी गाव राहतं, हलगी राहते, तात्या राहतात. हे सगळं जिन्यावर सुचलं. सरांपुढे 'बरं' म्हणून आले.

जिन्यात कादरी सर भेटले. माझा धडा उर्दूत त्यांनीच केलाय. बराच वेळ चष्मा पुसत होते. "बेटी, दस्तखत वापस लेने का कायदा है. बैठक में खडे रहके वजह पढना पडता. आज तक कोई लिया नहीं, बस."

तुम्ही कधी सही मागे घ्यायचा विचार केला होता का, हे विचारायला हवं होतं. त्यांचा चेहरा पाहून विचारवलं नाही.

१४ फेब्रु., गुरुवार

शाळा सुटल्यावर भालकी. बाजारात शांताक्का भेटली. बैठकीत सही मागे घ्यायचं कारण वाचलं तर तुमच्या घराचं नाव येईल, घालू का विचारलं.

"घाल. न्हाई घातलीस तर म्हणतील, पोरीनं मनानंच लिवलं." थोडं चालून, "आन तुझ्या तात्याचं?"

तेही घालीन म्हणाले.

१७ फेब्रु., रविवार. गावी

कारण चारदा लिहिलं. तीनदा तात्यांचं नाव गाळलं गेलं. चौथ्यांदा राहिलं.

अप्पांना म्हटलं, मेंढरं आठ दिवसांत दुसऱ्या कुणाच्या रानात हलवता येतील का. ते काठी घेऊन बाहेर गेले. अजून आले नाहीत.

सही मागे घेणार: रविवार, २४ फेब्रुवारी, सकाळी दहाची बैठक.