बाल्कनीचा कठडा

दि. १२ एप्रिल

प्रिय ढापण्या,

स.न.वि.वि. हसू नकोस. तू बोलणं टाकल्यापासून थेट ‘अरे’ म्हणायची छाती होत नाही. काका-काकू बरे असतील. तुझी परीक्षा जवळ आली असेल. माझी कायमची संपली, तेवढंच सुख.

इकडे ठीक. वर्कशॉपात माझा झाडू सुटला, आता वेल्डिंगच्या टेबलावर आहे. गेल्या महिन्यात आमच्या मशीनला गॅस आला. आधी जोडात वितळणाऱ्या वायरीच्या पोटातच मसाला असायचा, तिला गॅस लागत नसे. आता भरीव वायर, म्हणजे सगळंच बदललं. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा, नळीच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघा, आणि मशीनमधल्या प्लस-मायनसच्या तारा उलट करा. मालक नेमकं तेच विसरले. ठिणग्या अशा उडाल्या की मिशी भाजली, आणि शिव्या मला! शेवटी तारा मीच बदलल्या तर म्हणतात, “कॉलेज अगदीच पाण्यात गेलं नाही हं.”

ह्या गॅसचं काम एकच. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू द्यायची नाही. डोळ्यांना दिसत नाही, पण वेल्डिंगच्या टाक्यावर पांघरुणासारखा बसतो. वारा आला की पांघरूण उडतं आणि टाका आतून स्पंजासारखा पोकळ होतो. वरून ग्राइंडर मारला, पुट्टी भरली, रंग दिला, की कुणाच्या बापाला कळत नाही.

तुमच्या बाल्कनीचा नवा कठडा आमच्याकडून आलाय. तो मी केला. काकांना माहीत असतं तर त्यांनी ऑर्डरच दिली नसती, म्हणून मी तोंड मिटून होतो.

काम चालू असताना काकू नक्षी बघायला आल्या. बरोबर तुझी बहीण. मी वेल्डिंगचा मुखवटा घातलेला, दोघींनी ओळखलं नाही. पत्र्याखाली उकाडा मरणाचा. ती ओढणीने मान पुसत दारात उभी होती. मी उभा पंखा तिच्याकडे वळवला. मध्ये माझं टेबल होतं, रे. वारा टेबलावरून जातोय हे कळत होतं. थांबलो असतो तर मुखवटा वर करावा लागला असता. म्हणून थांबलो नाही. ती असेपर्यंत टाके घालत राहिलो. भिंतीत बसणाऱ्या पट्ट्यांचे टाके.

दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक उरलेला तुकडा कापला. आत नुसती भोकं. तोवर कठडा तुमच्याकडे लागला होता.

मालकांना सांगितलं. म्हणाले, “हलतोय का? नाही ना? मग त्या घरात जायचंय असं सरळ सांग की, मजनू!” तुमच्या दारी आलो. काका म्हणाले, “मागे मीटर बघायचं निमित्त काढून आला होतास. आता कठडा? पुढच्या वेळी काय, छप्पर?” आणि दार लावलं. माझं डोकं फिरलं, दारातली कुंडी फोडली. झालं. होती नव्हती तेवढी पतही गेली.

काल समोरच्या फुटपाथवर उभा होतो. ती कठड्याला रेलून केस वाळवत होती. मी ओरडलो, “मागे हो!” ती आत गेली. जरा वेळाने काका काठी घेऊन खाली आले. आणि ती पुन्हा बाहेर आली, मार नीट दिसावा म्हणून आणखी वाकली. दोन्ही हात कठड्यावर. काका मारत होते आणि मी वर बघून रडत होतो. त्यांना वाटलं, लागलं.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तुझा हक्कच आहे. फक्त हातोडी घे. आतल्या बाजूला उभा राहून भिंतीजवळच्या जोडावर मार. टिकला तर मी खोटा. काकांचं राहिलेलं काम तू पूर्ण कर. तुटला तर दुसऱ्या कुणाकडून करून घे. मी हात लावणार नाही. गल्लीतही येणार नाही, आईशप्पथ.

तोवर बाल्कनीच्या दाराला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याच खिशात ठेव. तिला काहीही कारण सांग. माझं नाव मात्र काढू नकोस. मी नको म्हटलंय हे कळलं, तर ती मुद्दाम तिथेच जाऊन उभी राहील.

तू मानशील तर तुझाच,
भडक्या