मालतीच्या झाडाला पाणी नको

बुधवार, संध्याकाळ

मालतीच्या स्नेक प्लांटचं एक पान सकाळी हातातच आलं. बुडाशी मऊ, कुजलेलं. ती गेल्यापासून रोज पूजेच्या तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीला घालतो आणि मग यालाही. तिचं झाड तहानलेलं कसं ठेवायचं?

सून म्हणाली, "बाबा, किती लाड! मातीत बोट घालून बघा ना, पूरा चिखल झालाय."

मातीत बोट... मालती तसंच करायची. मी खिडकीशी बसून शाळेतल्या कविता म्हणायचो आणि ती माती चाचपून हसायची, "आज याला नुसती कविताच पुरे, पाणी नको." हे कसं विसरलो मी?

सुनेने कुजकी मुळं कापून उरलेली दोन पानं कोरड्या मातीत लावली. "जगेल बाबा. बस, आता छेड़ना मत इसको."

दिवेलागणीला तरी तांब्या हातात आलाच. मातीत बोट घातलं. कोरडी. खाली पलासिया चौकातल्या गाड्यांची पों-पों. खिडकीशी बसलो, कविता म्हणू लागलो आणि मधलंच कडवं विसरलो. अशा वेळी पुढची ओळ मालती स्वयंपाकघरातून सांगायची. थोडा वेळ वाट पाहिली. मग भरलेला तांब्या तसाच आत नेऊन ठेवला.